वेळ झाला, वेळ झाली

16 जुलै 1962 रोजी मिशेल सिफ्र हा 23 वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्स पर्वतातल्या स्कारासाँ गुहेत उतरला. फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवरची ही गुहा शंभर मीटरहून खोल आहे आणि तिच्या पोटात बर्फाचा मोठा साठा आहे. आत कायमचा काळोख, कडाक्याची थंडी आणि अंगातून न जाणारी ओल. सोबत तंबू, दिवा, शिधा, लिहायला वही आणि तोंडाशी मुक्काम ठोकलेल्या सहकाऱ्यांपर्यंत जाणारी टेलिफोनची तार होती. घड्याळ मात्र मुद्दामच नेलेलं नव्हतं. ठरलं होतं ते असं, की उठल्यावर, जेवताना आणि झोपण्याआधी सिफ्रने वर फोन करायचा. वरच्यांनी आपणहून करायचा नाही आणि बाहेर दिवस आहे की रात्र याचा सुगावाही लागू द्यायचा नाही. फोनवर तो नाडीचे ठोके मोजून सांगे आणि सेकंदाला एक या चालीने 1 ते 120 आकडे म्हणे. म्हणजे दोन मिनिटांचं काम. एकदा वरच्यांच्या घड्याळात त्याला पाच मिनिटं लागली. 14 सप्टेंबरला मुदत संपल्याचं त्याला कळवलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्ट चालू होता आणि अजून जवळजवळ महिनाभर खाली काढायचा होता. त्याच्या हिशेबातून पंचवीस दिवस गळाले होते. ते गेले कुठे, हे या प्रकरणात शोधायचं आहे.

पहिला संशय शरीरावर जाईल. सूर्य दिसला नाही, झोप बिघडली, दिवस-रात्रीचा मेळ सुटला, म्हणून मोजणी चुकली असं वाटेल. पण वरच्यांनी प्रत्येक फोनची वेळ टिपून ठेवली होती आणि ती टिपणं वेगळंच सांगतात. सिफ्रच्या झोप-जागेचं एक चक्र सरासरी साडेचोवीस तासांच्या आसपास पुरं होत होतं. शरीराने दिवस जवळपास बिनचूक मोजले होते. चूक झाली ती किती वेळ गेला याचा अंदाज करणाऱ्या मनाची. मागे सरलेला काळ मन आठवणींच्या खुणांवरून मोजतं. सकाळी दूधवाला आला, दुपारी ऊन अंगणातून ओसरीवर आलं, संध्याकाळी कोणीतरी भेटून गेलं, अशा खुणा एकापुढे एक ठेवल्या की दिवस उभा राहतो. गुहेत अशी खूण नव्हतीच. काल काय केलं आणि आज काय केलं यांत फरक उरला नाही, की मागे वळून पाहणाऱ्या मनाला ते दोन दिवस एकच दिसतात. हा एकट्या सिफ्रचा स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही. 1989 साली स्तेफानिया फोलिनी ही इटालियन स्त्री अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या भूमिगत कोठडीत सुमारे 130 दिवस एकटी राहिली. बाहेर आली तेव्हा जेमतेम दोन महिने झाले असतील असं तिला वाटत होतं.

आता मराठीतल्या एका सोयीकडे पाहू. ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की लक्षातही येत नाही. ‘वेळ’ हा शब्द आपण पुल्लिंगीही वापरतो आणि स्त्रीलिंगीही. ‘गाडीला वेळ झाला’ म्हणजे उशीर झाला. ‘गाडीची वेळ झाली’ म्हणजे ती यायचा क्षण आला. तो वेळ लागतो, जातो, घालवला जातो. ती वेळ येते, टळते, साधली जाते, मारून नेली जाते. एक लांबी आहे, दुसरी जागा आहे. पहिलीबद्दल बोलताना आपण काळाच्या बाजूला उभं राहून तो मोजत असतो आणि दुसरीबद्दल बोलताना त्याच्या आत उभं राहून समोर बघत असतो. या दोन लिंगांतला भेद बोलणाऱ्यांनी कोणत्या सिद्धान्तासाठी घडवला नाही. तरी माझ्या म्हणण्याला त्याचा मोठा आधार आहे. वेळ किती आहे यापेक्षा आपण तो कुठे उभं राहून पाहतो, यावर त्याचा अनुभव आणि त्याचा वापर कितीतरी अधिक अवलंबून असतो. आणि आपण कुठे उभे आहोत याचं भान सुटलं, की हिशेब चुकतो.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून बाकावर बसलेल्या माणसाचे तीन तास घ्या. चालू असताना ते संपता संपत नाहीत, कारण त्याचं सगळं लक्ष वेळेवरच असतं. किती नंबर झाले, डॉक्टर उठले का, आपलं नाव पुकारलं का. महिन्याभराने हेच तीन तास आठवायला सांगितले तर त्यांचं एका वाक्यात आवरतं. उलट लग्नघरातले चार दिवस घ्या. मांडव, हळद, पाहुण्यांची उठबस, ऐनवेळी न सापडणारा अंतरपाट, पंगती, पाठवणी. चालू असताना ते कधी संपले कळत नाही, आणि मागाहून मात्र त्या चार दिवसांत पंधरवडा मावल्यासारखं वाटतं. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1890 साली ही गोष्ट नीट नोंदवली होती. घडामोडींनी भरलेला काळ जाताना आखूड आणि आठवताना लांब असतो, रिकाम्या काळाचं उलट होतं. पुढे रिचर्ड ब्लॉक आणि डॅन झकाय यांनी वेळेच्या अंदाजावरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. वेळ मोजायचा आहे हे आधी सांगितलं, तर माणसं एक उत्तर देतात. काम झाल्यावर अचानक विचारलं, तर दुसरं देतात. आधी सांगितलेल्यांचा अंदाज सामान्यतः मोठा येतो. आधी सांगितलेला माणूस लक्ष वापरून मोजतो, मागाहून विचारलेला आठवणी वापरून. दोघांच्या हातांतले गज निराळे आहेत.

इथे एक शंका येते. अपघात होताना काळ संथ झाला, असं पुष्कळ लोक सांगतात. जाताना भराभर आणि आठवताना लांब हा नियम तिथे लागू होत नाही, असं वाटेल, कारण त्यांना तो क्षण त्याच वेळी लांबल्यासारखा वाटलेला असतो. मेंदूचे अभ्यासक डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका याच दाव्याची परीक्षा घेणारा होता. माणसाला 31 मीटर उंचीवरून, पाठीवर, कसलाही दोर न बांधता खाली ताणलेल्या जाळीत सोडायचं. पडणं अडीच सेकंदांचं. मनगटावर एक लहान यंत्र, त्याच्या पडद्यावर आकडे इतक्या वेगाने उलटसुलट चमकत की साध्या स्थितीत डोळ्यांना ते एकमेकांत मिसळलेले दिसत. पडताना काळ खरोखरच सिनेमातल्या संथ दृश्यासारखा दिसत असेल, तर आकडे वेगवेगळे वाचता यायला हवेत. ते कुणालाही नेहमीपेक्षा अधिक स्पष्ट वाचता आले नाहीत. तरीही आपल्या पडण्याला किती वेळ लागला याचा अंदाज, दुसऱ्याला पडताना पाहून केलेल्या अंदाजापेक्षा सरासरी 36 टक्क्यांनी जास्त आला. म्हणजे क्षण लांबला नव्हता. भीतीने त्याची आठवण दाट कोरली गेली आणि अडीच सेकंदांनी, जाळीत पडल्या पडल्या मागे पाहताना, तो लांब दिसला. ‘त्याच वेळी वाटलं’ असं आपण म्हणतो, तेही बहुतेकदा वळून पाहिलेलंच असतं. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की माणसाचं प्रामाणिक सांगणं आणि प्रत्यक्ष घडलेलं यांच्यामध्ये दृष्टीची जागा कशी शिरते, हे त्याने अडीच सेकंदांत दाखवलं.

कोणी म्हणेल, हे सगळे मनाचे भास झाले, खरा वेळ घड्याळात असतो, त्याला दृष्टिकोन नसतो. सेकंदाची लांबी माणसाच्या मनावर अवलंबून नाही, हे निर्विवाद आहे. पण घड्याळात आत्ता किती वाजले हे कुठून पाहायचं, हा निर्णय माणसांनीच घेतलेला असतो, आणि मुंबईइतका हा धडा थोड्याच शहरांना मिळाला असेल. मुंबईच्या रेखांशाप्रमाणे तिची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होती. 1 जानेवारी 1906 पासून साऱ्या देशासाठी साडेपाच तासांची प्रमाणवेळ लागू झाली, ती मुंबईच्या 39 मिनिटं पुढची. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या कामगाराला या 39 मिनिटांचा अर्थ काळोखात घर सोडणं असा होता. रेल्वे आणि तार यांना देशभर एक वेळ हवी होती, आणि शहराला डोक्यावरचा सूर्य प्रमाण वाटत होता. महानगरपालिका ‘मुंबई वेळ’ सोडायला तयार झाली नाही, आणि एका शहरात दोन वेळा अर्धशतकभर, 1955 पर्यंत, नांदल्या. दोन्ही घड्याळं अचूक होती.

आतापर्यंत अनुभवाचं बोललो. पण वेळ कसा वाटतो यापेक्षा आपण तो कशाला देतो, हा प्रश्न आयुष्याच्या दृष्टीने अधिक मोठा आहे, आणि तिथे मागे नाही तर पुढे पाहण्याची जागा काम करते. लॉरा कार्स्टन्सेन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी बार्बरा फ्रेडरिक्सन यांच्यासोबत 1990 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना साधा प्रश्न विचारला. तुमच्याकडे अर्धा तास मोकळा आहे, तो तिघांपैकी कुणासोबत घालवाल? एक घरातलं जवळचं माणूस, दुसरा नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, तिसरी अलीकडेच ओळख झालेली आणि आपल्याशी जमेल असं वाटणारी व्यक्ती. वयस्कांनी मुख्यतः घरचं माणूस निवडलं, तरुणांची निवड तिघांत विखुरली. यात नवल नाही असं वाटेल. वय झालं, अंगातली उमेद गेली, नव्या ओळखींचा कंटाळा आला, एवढंच. पण त्यांनी प्रश्नाला एक पुस्ती जोडली. समजा, लवकरच तुम्ही हे ठिकाण सोडून दूर जाणार आहात आणि तिथे एकट्यानेच जायचं आहे, तर? तरुणांनीही वयस्कांसारखीच निवड केली. पुढच्या अभ्यासात वयस्कांना उलटी कल्पना करायला सांगितली. नवा औषधोपचार निघाला आहे आणि तुम्हाला आणखी वीस वर्षं नक्की मिळणार आहेत. घरच्या माणसाकडचा त्यांचा कल मावळला. वय तेच, गुडघे तेच, स्वभाव तोच. बदललं ते फक्त समोरच्या क्षितिजाचं अंतर.

कल्पना करायला सांगितलेल्या उत्तरांवर किती विसंबायचं, हा आक्षेप रास्त आहे. प्रयोगशाळेत माणूस एक बोलतो आणि घरी दुसरं वागतो. सुदैवाने इतिहासाने एक परीक्षा आपणहून घेतली. 1997 च्या जुलैमध्ये हाँगकाँग ब्रिटिशांकडून चीनकडे जायचं होतं. आपण ओळखतो ते शहर संपणार अशी हुरहुर तिथल्या लहानथोरांना होती. हेलीन फंग आणि कार्स्टन्सेन यांच्या अभ्यासात हाच प्रश्न तिथे विचारला गेला. हस्तांतराच्या वर्षभर आधी फरक नेहमीचा होता, वयस्क जवळच्यांकडे झुकलेले आणि तरुण नाहीत. दोन महिने उरले तेव्हा तरुणही जवळच्या माणसांकडे झुकले. हस्तांतर होऊन वर्ष गेलं, जग बुडालं नाही असं दिसलं, आणि तरुण-वृद्धांतला फरक परत आला. हेच आपण मराठी घरांतून नेहमी पाहतो. परदेशी निघालेला मुलगा शेवटच्या आठवड्यात आजीकडे जाऊन येतो, मावशीच्या हातचं जेवतो, गल्लीतल्या जुन्या मित्रांना शोधून काढतो. त्या आठवड्यात त्याला वेळ सगळ्यात कमी असतो. बॅगा भरायच्या असतात, कागदपत्रं व्हायची असतात. आधीच्या दोन वर्षांत वेळ भरपूर होता आणि आजीचं घर अर्ध्या तासावर होतं. तेव्हा तो ‘वेळ’ बघत होता, आता त्याला ‘वेळ आलेली’ दिसते.

यावरून सदैव शेवटचा दिवस समजून जगावं असा निष्कर्ष काढला जातो. तो मला चुकीचा वाटतो. लांबचं क्षितिज ही तरुणांची भूल नसते. विसाव्या वर्षी अनोळखी माणसांत शिरणं, दहा वर्षांनी फळ देईल अशी विद्या शिकणं, आंब्याची कलमं लावून वाट पाहणं, हे सगळं पुढे खूप काळ आहे असं धरल्याशिवाय कुणी करत नाही. जवळचं क्षितिज असलेला माणूस कलमं लावत नाही, तो सावलीत बसतो, आणि त्याला तेच योग्य असतं. घोळ होतो तो क्षितिज बदलल्याचं ध्यानात न आल्यामुळे. स्वतःच्या पुढे चाळीस वर्षं असतात, पण ज्या आजीची भेट पुढे ढकलली तिच्यापुढे नसतात. एकाच भेटीला दोन क्षितिजं आहेत आणि आपण आपल्यालाच दिसणारं खरं धरतो.

हीच चूक कामाच्या अंदाजात होते, आणि तिथे ती आकड्यांत पकडता आली आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी स्वतःच्याच गटाची हकीकत लिहून ठेवली आहे. 1970 च्या दशकात इस्रायलमध्ये शाळांसाठी निर्णयशास्त्राचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या मंडळात ते होते. काम किती दिवसांत संपेल, हे प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहायचं ठरलं. सगळ्यांची उत्तरं दोन वर्षांच्या आसपास आली. मग काहनेमन यांनी अभ्यासक्रम-रचनेतले तज्ज्ञ सिमोर फॉक्स यांना विचारलं, की अशा इतर गटांना किती काळ लागला? फॉक्स थांबले, आठवू लागले आणि म्हणाले, सुमारे चाळीस टक्के गटांनी काम पुरं केलंच नाही, आणि ज्यांनी केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. हेच फॉक्स काही मिनिटांपूर्वी आपल्या कागदावर दोन वर्षांच्या आसपासचाच आकडा लिहून बसले होते. माहिती त्यांच्या डोक्यात होती, पण आतून पाहणाऱ्या माणसाला ती सुचली नाही. बाहेरून पाहायला सांगितलं तेव्हा सुचली. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. फॉक्स यांची माहिती ऐकूनही मंडळाने काम तसंच चालू ठेवलं, आणि ते पुरं व्हायला आठ वर्षं लागली.

1994 साली रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न केला. सरासरी अंदाज 33.9 दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात 55.5 दिवस लागले. सगळं बिघडेल असं धरून किती दिवस लागतील, असंही त्यांना विचारलं होतं. त्याचं उत्तर 48.6 दिवस होतं, तेही कमीच पडलं. मागचे उशीर माणसाला आठवत नाहीत असं नाही. पण प्रत्येक उशिराला त्याच्याजवळ स्वतंत्र कारण असतं. त्या वेळी पाहुणे आले, त्या वेळी ताप होता, त्या वेळी पाऊस लागला. पुढच्या वेळी तेच पाहुणे आणि तोच ताप नसणार, म्हणून तो मागचे उशीर हिशेबात धरत नाही. नवे पाहुणे येतील हे आतून दिसत नाही. घर बांधणाऱ्या कंत्राटदाराने ‘दिवाळीपर्यंत’ म्हटलं की त्याला खोटारडा ठरवण्याची आपल्याला घाई होते. पुष्कळदा तो आतून पाहत असतो एवढंच. त्याला ‘कधी होईल’ असं न विचारता ‘याआधीच्या तीन घरांना किती महिने लागले’ असं विचारावं. तोच माणूस खरं उत्तर देतो. कमी मुदतीचा अंदाज माणसाला कामाला जुंपतो, हे म्हणणं मला निम्मं पटतं. स्वतःपुरतं ते ठीक आहे. पण आपल्या अंदाजावर भाड्याची खोली सोडून बसलेल्या दुसऱ्या कुणाला त्या उमेदीची किंमत भरावी लागत असेल, तर बाहेरून पाहणं हे कर्तव्य ठरतं.

राहिला सगळ्यांत कठीण आक्षेप. दृष्टी बदला, वेळ सापडेल, हे ज्याच्या हातात स्वतःचा वेळ आहे त्याला सांगणं सोपं आहे. जिचा दिवस पाण्याच्या टँकरवर, शाळेच्या डब्यावर आणि सासऱ्यांच्या औषधांवर ठरतो, तिने कुठे उभं राहून पाहिलं तर तासांची संख्या बदलेल? बदलणार नाही, आणि हे स्पष्ट मान्य केल्याशिवाय या विषयावर लिहिणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. तिच्या बाबतीत बदलायला हवी ती मोजणाऱ्यांची जागा. रोजगाराच्या मोजणीत जिला मजुरी मिळत नाही अशी घरकाम करणारी स्त्री ‘श्रमशक्तीबाहेर’ धरली जाते. लोकांचा वेळ कशात जातो याची प्रायोगिक पाहणी 1998-99 मध्ये भारतातल्या सहा राज्यांत झाली आणि 2019 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळ-वापर पाहणी केली. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून आजच्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. ‘तुम्ही नोकरी करता का’ या प्रश्नाऐवजी ‘साडेपाच ते सहा तुम्ही काय केलं’ हा प्रश्न. घरासाठी बिनमोबदला काम करणाऱ्यांत बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. तास आधीही तेच होते. ते दिसू लागले ते विचारणाऱ्याने जागा बदलल्यावर.

त्या रकान्यांतही एक अडचण आली, ती पाहणी करणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होती. एका अर्ध्या तासात माणूस एकच काम करतो असं नाही. कुकर लावलेला असतो, पोराचा पाढा ऐकणं चालू असतं, आणि दारात भाजीवाला उभा असतो. म्हणून एका रकान्यात एकाहून अधिक कामं लिहायची आणि त्यांतलं मुख्य कोणतं हे सांगणाऱ्यालाच विचारायचं असं ठरलं. मुख्य स्वयंपाक की पाढा, याचं उत्तर घड्याळ देऊ शकत नाही. पाच वर्षांनी, 2024 मध्ये, तीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची 299 मिनिटं 289 वर आली होती. पुरुषांची 97 मिनिटंही 88 वर आली होती.